पुढचं शीड गुंडाळायला कोण जाणार?

आजचं व्याख्यान यवतमाळमधून होतंय आणि विषय आहे शिडाच्या होडीचा. हे ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील, ते स्वाभाविक आहे. या जिल्ह्याच्या एका अंगाला वर्धा वाहते, दुसऱ्या अंगाला पैनगंगा. समुद्र मात्र कुठल्याही दिशेला निघालं तरी पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. मग इथे बसून शिडाची चर्चा कशासाठी?

दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे, शीड हे शेवटी कापड आहे, आणि माणसाच्या इतिहासात बराच काळ ते कापसाचं होतं. ओला कापूस, कोरडा कापूस, दाबून बांधलेली गाठ, या गोष्टी इथल्या माणसाला शिकवाव्या लागत नाहीत. दुसरं कारण, आज ज्या यंत्राबद्दल आपण बोलणार आहोत ते विहिरीच्या रहाटाचं आणि पतंगाच्या चक्रीचं चुलत भावंड आहे. संक्रांतीला ज्याने चक्रीवर मांजा गुंडाळलाय, त्याला हे यंत्र अर्धं कळलेलंच आहे.

या यंत्राला खलाशी ‘फर्लर’ म्हणतात. होडीचं पुढचं शीड गुंडाळून ठेवायचं आणि हवं तेव्हा उलगडायचं, एवढंच त्याचं काम. आपलं आजचं म्हणणं थोडक्यात असं आहे, की फर्लरचे जे बिघाड आजचे खलाशी शोधत बसतात, ते खरं म्हणजे त्याच्या इतिहासाचे टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर एक जुनी अडचण सुटली आणि तिच्या जागी एक नवी येऊन बसली. म्हणून बिघाडांची यादी हातात घेतली की इतिहास उलगडत जातो.

सुरुवात आपल्याच किनाऱ्यापासून करू.

मराठ्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत ही दोन मुख्य लढाऊ जहाजं होती, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने त्यांचं वर्णन करून ठेवलंय. गुराब मोठं, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं. गलबत लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, आणि त्याच्या मुख्य डोलकाठीवर एक मोठं तिकोनी शीड. हे शीड एका लांब तिरक्या वाशाला बांधलेलं असे आणि त्याचं वरचं टोक डोलकाठीच्याही वर जाई.

आता प्रश्न असा, की वारा वाढला तर एवढ्या मोठ्या शिडाचं काय करायचं? हिंदी महासागरातल्या तिकोनी शिडांच्या जहाजांवर याचं उत्तर सरळ होतं. वासा खाली घ्यायचा, मोठं शीड सोडायचं, लहान शीड बांधायचं, वासा पुन्हा वर चढवायचा. जहाजावर दोन-तीन मापांची शिडं ठेवलेली असत. अरबी जहाजांवर ही पद्धत विसाव्या शतकातही चालू होती. ॲलन व्हिलियर्स नावाचा ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी १९३८-३९ मध्ये अशा जहाजांवर राहिला आणि त्याने ते सगळं लिहून ठेवलं. या पद्धतीला माणसं भरपूर लागत. दोर ओढायला वीस-पंचवीस हात हवेत. ते हात तेव्हा होते.

आणि वारा फारच वाढला तर? तर जायचंच नाही. हे उत्तर हसण्यावारी नेऊ नका. जूनच्या सुरुवातीला होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन पुन्हा पाण्यात घालायच्या, हा कोकणचा वार्षिक क्रम म्हणजे एका तांत्रिक प्रश्नाचं सामाजिक उत्तर आहे. मराठ्यांचं आरमारही पावसाळ्यात खाडीत, गोदीत विसावत असे. तुफान वाऱ्यात शीड कमी कसं करायचं, याची युक्ती शोधण्यापेक्षा त्या महिन्यांत समुद्रावरच जायचं नाही, असं ठरवलेलं होतं. त्या काळाला ते पुरेसं होतं.

युरोपात गोष्ट वेगळी झाली. तिथल्या जहाजांनी बारा महिने समुद्रावर राहायचं ठरवलं, म्हणून त्यांची शिडं वाढत गेली, तुकड्यांत विभागली गेली. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्याही पुढे एक लांब ओंडका काढलेला असे. त्याला बोस्प्रिट म्हणतात. त्या ओंडक्यापासून डोलकाठीपर्यंत तिरकी तिकोनी शिडं ताणलेली असत. यांना जिब म्हणतात. वाऱ्याच्या समोर तिरकं चढायचं असेल तर या पुढच्या शिडांइतकं उपयोगी काही नाही.

पण ती उतरवायला कुणीतरी त्या ओंडक्यावर जायला हवं. जहाज वर-खाली आपटतंय, नाळ पाण्यात बुडून बाहेर येतेय, पायाखाली एक दोर, हाताखाली ओलं जड कापड. इंग्रजी बोलणाऱ्या खलाशांनी बोस्प्रिटला ‘बायका विधवा करणारा’ असं नाव ठेवलं होतं. त्या एका नावात पुढच्या दीडशे वर्षांच्या सगळ्या शोधांचं कारण आहे. फर्लर हा आळशी माणसाचा शोध नव्हे. पुढे कुणाला तरी पाठवावं लागू नये म्हणून केलेला तो शोध आहे.

पहिला टप्पा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, १८५० च्या सुमारास, इंग्लंडमध्ये हेन्री कनिंगहॅम याने वरच्या आडव्या शिडांसाठी एक योजना काढली. शीड ज्या आडव्या दांड्यावर असतं, तो दांडाच फिरवायचा आणि शीड त्यावर गुंडाळलं जाईल असं करायचं. खलाशांनी उंच चढून हातांनी शीड आवळण्याऐवजी डेकवरून दोर ओढायचा. ही कल्पना व्यापारी जहाजांवर बरीच वापरली गेली. इथे ‘गुंडाळणं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शीड खाली उतरवायचं किंवा घडी करून बांधायचं, या जुन्या दोन वाटांमध्ये ही तिसरी वाट आली.

दुसरा टप्पा थेट आपल्या विषयाचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, पुन्हा इंग्लंडमध्येच, वाइकहॅम-मार्टिन या नावाने ओळखलं जाणारं एक छोटं साधन आलं. पुढच्या शिडाच्या कडेत एक तार शिवलेली. खाली एक लहान ड्रम, म्हणजे चक्री. वर एक फिरता जोड, ज्याला स्विव्हल म्हणतात. ड्रमवर दोर गुंडाळलेला. दोर ओढला की ड्रम फिरतो, तार फिरते आणि शीड स्वतःभोवती गुंडाळलं जातं, अगदी चटई गुंडाळावी तसं. दोराचं दुसरं टोक सुकाणूपाशी. म्हणजे माणूस आपल्या जागेवर बसून पुढचं शीड गुंडाळू शकतो. छोट्या होड्या चालवणाऱ्यांना हे वरदान वाटलं.

मग शंभर वर्षांपूर्वीच सगळ्यांनी हे का नाही घेतलं? याचं उत्तर वऱ्हाडातल्या माणसाला पटकन कळेल. शीड कापसाचं होतं.

शिडासाठी कापूस चांगला मानला जाई तो लांब धाग्याचा. इंग्लंडमधले शिडं शिवणारे इजिप्तच्या कापसाची वाखाणणी करत. आपल्याकडचा जुना वऱ्हाडी कापूस आखूड धाग्याचा. तो शकुंतलेच्या चिमुकल्या गाडीने यवतमाळहून मूर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या रेल्वेने मुंबईला गेला, तो मुख्यतः सुतासाठी आणि निर्यातीसाठी. पण भारतातल्या जाड्याभरड्या सुती कापडाचा शिडांशी संबंध जुना आहे. मुंबईच्या डोंगरीचं नाव मिरवणारं ‘डंगरी’ कापड शिडांसाठी आणि खलाशांच्या कपड्यांसाठी वापरलं जाई. आज जगभर ‘डंगरी’ म्हणून जो पोशाख मिळतो त्याच्या नावात आपली डोंगरी आहे.

तर कापूस लांब धाग्याचा असो की आखूड, त्याचे गुण तेच. भिजला की फुगतो, जड होतो, आखडतो. वाळला की सैल पडतो. आणि ओला कापूस दाबून गुंडाळून ठेवला तर काय होतं हे इथे वेगळं सांगायला नको. काळा पडतो, वास मारतो, कुजतो. गुंडाळलेलं सुती शीड समुद्रावर आठवडाभर ठेवलं की त्याच्या पोटात हेच होई. शिवाय ते अर्धंच गुंडाळून वापरावं म्हटलं तर त्याचा आकार बिघडे, पोट सुटे. कारण कडेतली तार वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला सारखी फिरत नसे. पीळ मधेच अडकून राही. म्हणून वाइकहॅम-मार्टिनचं साधन ‘पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद’ एवढ्याच कामाचं राहिलं.

या दोन अडचणी सुटायला अर्धं शतक लागलं. १९४१ मध्ये इंग्लंडमधल्या व्हिनफिल्ड आणि डिक्सन या रसायनतज्ज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा तयार केला. तो टेरिलीन म्हणून बाजारात आला, अमेरिकेत डेक्रॉन म्हणून. १९५० च्या दशकात शिडांसाठी त्याने कापसाची जागा घ्यायला सुरुवात केली. हे कापड पाण्याने फुगत नाही, कुजत नाही. पिळाची अडचण १९७० आणि ८० च्या दशकांत सुटली. नुसत्या तारेऐवजी तारेभोवती ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी आली. एकाला एक जोडलेले तिचे तुकडे, आणि त्यांच्या खाचेत शिडाची कड सरकवायची. आता ड्रम फिरला की पूर्ण पट्टी वरपासून खालपर्यंत एकदम फिरते. शीड अर्धं, पाव, हवं तेवढं गुंडाळता येतं. फ्रान्समध्ये प्रोफर्ल, स्वीडनमध्ये फर्लेक्स, अमेरिकेत हार्कन अशा नावांची यंत्रं या काळात घरोघरी, म्हणजे होडीहोडीवर पोचली.

इथे एक क्षण थांबून मुंबईत जाऊन येऊ, कारण या संक्रमणाच्या मधोमध मुंबईत बांधलेली एक होडी उभी आहे.

तिचं नाव सुहेली. अरब खलाशांनी एका वाऱ्याला दिलेलं हे नाव. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज अधिकारी ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर होता. त्याने मुंबईत कुलाब्याला ही बत्तीस फुटी होडी बांधून घेतली, सागवानाची, आपल्या कारागिरांच्या हातची. वासला आणि हातकामठ्याच्या गिरमिटाने काम करणारे सुतार होते ते. १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. १४ जून १९६८ रोजी तो याच होडीने इंग्लंडमधल्या फालमथ बंदरातून एकटाच निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. असं करणारा तो जगातला पहिला माणूस. त्या शर्यतीत नऊजण निघाले होते, पोचला तो एकटाच.

सुहेलीला बोस्प्रिट होता. पुढची शिडं बदलायला त्याला स्वतःला तिथे जावं लागे. दक्षिण महासागरात, एकट्याला. म्हणजे फर्लर नसतानाही हे होऊ शकतं, हे सुहेलीने दाखवलं, आणि त्याची किंमत काय असते तेही दाखवलं. सुकाणू सांभाळणारा, शीड उतरवणारा आणि पाण्यात पडला तर त्याला वर काढणारा, तिघंही एकच. आणि त्यातला तिसरा नसतोच.

आता यंत्राकडे परत येऊ आणि त्याचे बिघाड बघू. हे ऐकताना मनात एकच चित्र ठेवा. डोलकाठीच्या टोकापासून नाळेपर्यंत एक जाड तार येते, ती डोलकाठीला पुढून धरून ठेवते. या तारेभोवती पट्टी, पट्टीत शीड, खाली ड्रम, वर स्विव्हल. आणि शीड वर चढवून ताणून धरणारा दोर, म्हणजे हॅलयार्ड, डोलकाठीच्या टोकावरून खाली येऊन स्विव्हलला बांधलेला.

पहिला बिघाड ड्रमचा, आणि तो वाइकहॅम-मार्टिनइतकाच जुना आहे. शीड उलगडतं तेव्हा दोर ड्रमवर गुंडाळला जातो. वारा जोरात असला तर शीड फाडकन उघडतं आणि दोर सैलसर, कसाही गुंडाळला जातो. वेढ्यावर वेढा चढतो, एक वेढा दुसऱ्याखाली दबतो. पुढे शीड बंद करायला दोर ओढला की तो दबलेला वेढा आवळतो आणि ड्रम जागच्या जागी अडतो. पतंग उडवणाऱ्या पोरांना विचारा. ढील देताना चक्री सैल सोडली की गुंता ठरलेला. उपायही तोच. शीड उलगडताना दोर एका हातात धरून थोडा ताण ठेवायचा. आणि दोर ड्रमवर तारेशी काटकोनात, मधोमध यावा, अशा जागी त्याची पहिली कप्पी बसवायची. दोर तिरका आला तर एकाच बाजूला ढीग होतो.

याच ड्रमचा दुसरा दोष हिशोबाचा आहे. शांत वाऱ्यात शीड सैल गुंडाळलं जातं, कमी फेऱ्यांत मावतं. वादळी वाऱ्यात ते घट्ट आवळून गुंडाळलं जातं, म्हणून फेऱ्या जास्त लागतात. ड्रमवर दोर मोजूनमापून ठेवला असेल तर नेमका गरजेच्या दिवशी संपतो आणि शिडाचं शेवटचं टोक फडफडत राहतं. म्हणून शीड पूर्ण बंद झाल्यावरही ड्रमवर दोराचे काही वेढे शिल्लक राहायला हवेत.

तिसरा बिघाड सगळ्यांत कुप्रसिद्ध, आणि तो पट्टीच्या युगाबरोबर आलेला आहे. स्विव्हलचं काम असं, की त्याचा खालचा भाग शिडाबरोबर फिरावा आणि वरचा, हॅलयार्डला बांधलेला भाग स्थिर राहावा. पण हॅलयार्ड डोलकाठीच्या टोकावरून पट्टीला अगदी चिकटून, समांतर खाली येत असेल, तर पट्टी फिरताना तो दोरही तिच्याभोवती वेढला जातो. दोन फेऱ्या झाल्या की सगळं घट्ट. शीड ना गुंडाळलं जातं, ना उलगडतं, ना खाली उतरवता येतं. कारण जो दोर सोडून ते उतरवायचं, तोच तारेला वेटोळं घालून बसलेला. उपाय वर आहे. हॅलयार्ड डोलकाठीकडून थोडा कोन करून यायला हवा. त्यासाठी डोलकाठीवर एक कडी बसवून दोर मागे खेचून धरतात. शीड आखूड असेल तर त्याच्या डोक्याला दोराचा एक तुकडा जोडून स्विव्हल पट्टीच्या वरच्या टोकाजवळ पोचेल असं बघतात.

चौथा बिघाड साधा, पण फसवणारा. डोलकाठीवर दुसरे मोकळे दोर असतात. त्यातला एखादा सैल राहिला तर गुंडाळणाऱ्या शिडात वरच्या वर गुंततो. खालून दिसत नाही. माणूस ड्रम तपासत बसतो आणि दोष असतो सत्तर-ऐंशी फुटांवर.

पाचवा बिघाड जोड आणि बेअरिंगचा. समुद्राचं खारं पाणी सुकलं की मीठ मागे राहतं, आणि मीठ बसलं की फिरणारी वस्तू कुरकुरते. गोड्या पाण्याने धुणं हा निम्मा इलाज. ग्रीस मात्र कुठेही फासायचं नाही. काही यंत्रांतले गोळे बंदिस्त आणि ग्रीसमध्ये बसवलेले असतात, तर काहींत उघडे प्लास्टिकचे, आणि त्यांना ग्रीस लावलं तर उलट धूळ-मीठ धरून बसतात. बैलगाडीच्या आखाला वंगण आणि हातमागाच्या धोट्याला वंगण एकच नसतं, तसं. ॲल्युमिनियमच्या पट्टीत पोलादी स्क्रू असतात, आणि खाऱ्या हवेत दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं. स्क्रू सैल पडून पट्टीचा एक सांधा सरकला की फिरणं अडतं.

सहावा दोष ताणाचा. हॅलयार्ड फार आवळला तर बेअरिंगवर भार येतो. उलट पुढची तार सैल असेल तर पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि वाकलेली पट्टी फिरत नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक वेळी दोर हाताला जड लागतो. आणि इथेच सगळ्यांत मोठी चूक होते. होडीवर विंच असतो, म्हणजे दोर ओढायचं दांड्याचं चाक. त्याने माणसाची ताकद कितीतरी पटीने वाढते. दोर जड लागला की तो विंचवर घालून ओढायचा मोह होतो. हॅलयार्ड वेढलेला असताना असं केलं तर पट्टी फिरत नाही, पण तिच्या आतली तार पिळली जाते. तारेचे पदर सुटतात, तुटतात. आणि ती तार पट्टीच्या आत लपलेली असते, म्हणून तुटत चाललेली दिसतही नाही. ती तार गेली की डोलकाठी पडू शकते. वाइकहॅम-मार्टिनच्या काळात असं जुलूम करणारं बळ माणसाच्या हातात क्वचितच होतं. यंत्र सुधारलं, माणूस पुढच्या टोकावरून मागे आला, पण धोका कुठे गेला नाही. तो तारेच्या आत जाऊन बसला.

म्हणून जाणते खलाशी एकच नियम सांगतात. फर्लर हाताने फिरला पाहिजे. हाताने फिरत नसेल तर थांबा आणि वर बघा. आधी शिडातला वारा काढा. होडी वाऱ्याच्या दिशेने वळवली की पुढचं शीड मागच्या मोठ्या शिडाच्या आडोशाला येतं आणि भार उतरतो. मग दोर, मग ड्रम, मग दुर्बिणीने डोलकाठीचं टोक, या क्रमाने तपासा. काहीच जमलं नाही, तर वारा मंद असताना होडी गोल फिरवून शीड तारेभोवती गुंडाळून घेण्याचीही युक्ती आहे. यंत्र फिरत नाही ना, मग होडी फिरवा.

आता हे सगळं भारतात कुठे येऊन पोचलं ते बघू.

भारतीय सैन्याच्या इंजिनिअर्सच्या चमूने १९८५ ते ८७ या काळात ‘तृष्णा’ होडीने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती भारतीयांची पहिली. पण एकट्याने जाणं राहिलं होतं. ते व्हावं हा ध्यास व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचा. १९७१ च्या युद्धात वीर चक्र मिळवलेले हे अधिकारी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णीला राहत. म्हणजे तेही समुद्रापासून दूरच. त्यांच्या कल्पनेला ‘सागर परिक्रमा’ हे नाव मिळालं, आणि नौदलातून कमांडर दिलीप दोंदे पुढे आले.

होडी कुठे बांधली? गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. छप्पन्न फुटी. नाव ठेवलं म्हादेई, त्याच नदीचं दुसरं नाव. आणि दोंदे शिकले कुणाकडून? सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडून. ते २००६ मध्ये दुसऱ्या एका एकट्याच्या शर्यतीची तयारी करत होते, तेव्हा दोंदे त्यांच्याकडे जाऊन राबले. मुंबईच्या सुतारांनी ज्याला होडी बांधून दिली, त्याने चाळीस वर्षांनी एका मराठी माणसाला ती विद्या परत केली, असं म्हणायला हरकत नाही.

१९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरांना थांबून १९ मे २०१० रोजी परत आले. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. त्याच म्हादेईवर अभिलाष टोमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी निघाले आणि कुठेही न थांबता २०१३ च्या मार्चअखेरीस परतले. पुढे दिवाडीलाच म्हादेईची बहीण तारिणी बांधली गेली. तिच्यावरून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा नौदल अधिकारी महिलांनी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात पृथ्वीला फेरी घातली. तारिणीवरूनच लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघींनी, फक्त दोघींनी, २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात तीच वाट पुरी केली.

तारिणीची डोलकाठी २५ मीटर उंच आहे. साधारण आठ मजली इमारत. तिच्यावरची मोठी शिडं गुराबाच्या काळात वीस माणसांनी हाताळली असती. ती एकट्याला किंवा दोघींना पेलतात, यात गुंडाळणाऱ्या यंत्राचा वाटा मोठा आहे. या दोन्ही होड्यांची छायाचित्रं बघा. बंदरात उभ्या असताना नाळेजवळ शिडाच्या गुंडाळ्या उभ्या दिसतील, छत्री मिटून ठेवल्यासारख्या.

पण यंत्रावर चालणारा प्रवास म्हणजे दुरुस्तीचा प्रवास. परतीच्या वाटेवर असताना तारिणीच्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि २०१८ मध्ये तिला मॉरिशसला वळावं लागलं. तो दोष शिडाचा नव्हता, पण मुद्दा तोच आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अभिलाष टोमी नॉक्स-जॉन्स्टन यांच्या शर्यतीच्या स्मरणार्थ निघालेल्या नव्या शर्यतीत होते, सुहेलीच्याच धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ होडीवर. वादळाने होडी उलटली, डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून जवळजवळ १९०० सागरी मैलांवर ते तीन दिवस बिछान्यात पडून होते. मग मासेमारीवर गस्त घालणाऱ्या एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. तिथेही फर्लरचा दोष नव्हता, पण डोलकाठी जाणं म्हणजे काय, हे त्यातून कळतं. पुढच्या तारेला आणि तिच्याभोवतीच्या त्या पट्टीला एवढं का जपायचं, याचं उत्तर तिथे आहे. हेच टोमी २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

शेवटी एका प्रश्नाला उत्तर देऊन थांबू. हा विषय निघाला की विचारलं जातं, की एवढे बिघाड असतील तर जुनी पद्धतच काय वाईट होती? शीड उतरवा, बांधा, मोकळे व्हा.

याचं उत्तर दोन अंगांनी द्यावं लागेल. माणसं भरपूर असतील, प्रवास किनाऱ्याकिनाऱ्याने असेल, पावसाळ्यात घरी बसायची मुभा असेल, तर जुनी पद्धत आजही उत्तम आहे. तिच्यात अडकायला काही नाही. पण दोघींना आठ महिन्यांत दक्षिण महासागर पार करायचा असेल, तर रात्री तीन वाजता वारा वाढल्यावर नाळेवर कोण जाणार, हा प्रश्न उरतोच. फर्लरने त्या प्रश्नाचं उत्तर दिलं, ‘कुणीच नाही’. आणि त्या उत्तराच्या बदल्यात मागितलं काय, तर बंदरात असताना तासभर. डोलकाठीवर चढून स्विव्हल बघायचा, हॅलयार्डचा कोन बघायचा, स्क्रू हाताने तपासायचे, दोराचे वेढे मोजायचे, गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढायचं. खळ्यावर माल यायच्या आधी गाडीच्या चाकाची धाव आणि आख बघून ठेवतात, तसंच हे. शांत पाण्यात तो तास कुणी दिला नाही, तर वादळात कुणाला तरी पुढे जावंच लागतं.